दुधाचं औषध

चैताचं ऊन वर आलं की जोतीरामचं आणि मोटारीचं वैर सुरू व्हायचं. मोटार मेढ्याहून साताऱ्याला सकाळी सुटते, असं नुसतं म्हणायचं. लढाई संपली, शिपाई घरोघर परतले, पण मोटार अजून कोळशाच्या गॅसवरच चालत होती. तिच्या पाठीवरची ती उंच शेगडी पेटली तर पेटली, नाहीतर ड्रायव्हर बिडी ओढत बसायचा आणि उतारू वडाखाली पाय पसरायचे. माणसं वाट बघत बसतात, दूध बसत नाही. जोतीराम दोन्ही घागरींवर ओली फडकी घालायचा, ती सुकली की पुन्हा भिजवून आणायचा आणि घागरींच्या शेजारीच उकिडवा बसून राहायचा.

वाडी मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथून खाली कावड खांद्यावर आणायची म्हणजे उतरणीला गुडघे बोलायला लागायचे. खांद्यावर घट्टा पडला होता. उन्हाळ्यात तो घामानं भिजून हुळहुळायचा, म्हणून अंजना, त्याची बायको, कावडीच्या दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून द्यायची. चिंधी रोज सरकायची.

साताऱ्यात भाऊसोंचं मिठाईचं दुकान होतं. भाऊसो माणूस वाईट नव्हते, पण धंद्याला बसलेला माणूस देवापुढंही तराजू घेऊनच बसतो. ते घागरीवरचं फडकं बाजूला करायचे, बोट बुडवून जिभेला लावायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"जोतीबा, गड्या, ह्येचं आता मी काय करू? आंगूळ करू?"

दुकानातली गडीमाणसं हसायची. जोतीरामही हसल्यासारखं करायचा. चार वर्षं तो मिलिटरीच्या इस्पितळात वॉर्डात राबला होता, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, गोऱ्यांची घाण काढली होती. पण त्या शिव्या परक्या भाषेतल्या होत्या, त्या अंगाला लागायच्या नाहीत. हे हसणं लागायचं.

नासलेलं दूध तसंच परत आणायचं. चढाला कावड पुन्हा खांद्यावर. घरी त्याची आई राहीबाई दारातूनच त्याची चाल बघायची आणि काय ते ओळखायची.

"आजबी?"

"आजबी."

बाप नाथाजी म्हशींना पाणी दाखवायला निघून जायचा. दोन म्हशी होत्या घरात, एका वेळेला पाटीभर वैरण खायच्या, आणि ती वैरण उन्हाळ्यात तीन डोंगर हिंडून आणावी लागायची. माणसानं मरमर मरायचं, म्हशीनं दूध द्यायचं आणि उन्हानं ते नासवायचं, असा तो सगळा कारभार. नाथाजीच्या पाठीचा कणा आता वैरणीच्या भाऱ्यागत वाकला होता.

इस्पितळातून सुटून येताना जोतीरामनं दोन कांबळी, एक जोडी बूट आणि बोरीक पावडरचा मोठा डबा आणला होता. वाडीत डोळ्यांची साथ आली तेव्हा त्यानं ती पावडर कोमट पाण्यात कालवून सगळ्यांचे डोळे धुतले. डोळे बरे झाले. तेव्हापासून लोक त्याला चेष्टेनं डागदर म्हणायचे, पण चेष्टा करणारेच पुन्हा रांगेत उभे राहायचे. पोराच्या कानाला, बाईच्या छातीच्या गळवाला, कुणाच्या पायाच्या जखमेला. पांढरी, मऊ, पिठासारखी पावडर. वास नाही, झोंबणं नाही. असल्या सोज्वळ वस्तूचा कुणाला संशय येईल?

भाऊसोंच्या दुकानातून तिसऱ्यांदा दूध परत आलं, त्या दिवशी जोतीरामला इस्पितळाच्या भटारखान्यातला खानसामा आठवला. दुधाची गाडी उशिरा यायची असली की तो दुधात चमचाभर बोरीक टाकायचा. साहेबलोक प्यायचे, मरत तर कुणी नव्हतं. जोतीरामनं दुसऱ्या दिवशी निघताना दोन्ही घागरींत चमचा-चमचा पावडर टाकली आणि रवीच्या दांड्यानं ढवळली.

मोटार त्या दिवशी दुपार टळल्यावर पोचली. भाऊसोंनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, पुन्हा बुडवलं.

"गोड हाय रं!" ते म्हणाले. "काय म्हस बदलली का काय?"

"म्हस तीच," जोतीराम म्हणाला. त्यापुढं तो बोलला नाही, आणि भाऊसोंनीही विचारलं नाही. दूध गोड असलं की कुणी फार खोलात जात नाही.

घरी मात्र त्यानं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? चुलीपुढं बसून भाकरी मोडता मोडता तो सांगत राहिला आणि राहीबाई पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहिली. किती दिवसांनी लेक मान वर करून जेवत होता.

"म्हंजे दुधाला औषध," राहीबाई म्हणाली.

"तसंच समज. ह्येनं दूध जितं ऱ्हातं."

"सायबाचं डोस्कं बघ की गं," ती सुनेला म्हणाली. "आपण आपलं ओली फडकी घालत बसलोय."

अंजनाला त्या दिवशी एवढंच वाटलं, की आता नासक्या दुधाची फडकी रोज धुवायला लागायची नाहीत.

आठवडाभर दूध खपलं. मग एक दिवस भाऊसोंच्या दुकानात दुसरीकडचं दूध जास्त झालं आणि एक घागर परत आली. एरवी परत आलेलं दूध नासलेलं असायचं, हे मात्र संध्याकाळीही जसंच्या तसं गोड होतं. राहीबाईनं ते तापवून विरजण लावायला सुनेला सांगितलं. वाडीत ताक कधी कुणी विकत नसे. ज्याच्या घरी दुभतं, त्यानं सकाळी दारात येईल त्याच्या तांब्यात ताक ओतायचं, ही रीत. सकाळी शेजारणी तांबे घेऊन आल्या. राहीबाईनं गाडग्यावरचं झाकण काढलं, तर आत काल रात्रीचं दूध तसंच पातळ. नुसती वर साय.

तिनं सगळ्यांच्या देखत सुनेकडं बघितलं.

"इरजण लावलं हुतंस न्हवं?"

"लावलं हुतं, आत्याबाई."

"हात धुतलं हुतंस? का बाजूला बसायच्या दिसात तशीच शिवलीस?"

अंजनाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. शेजारणींनी तोंडाला पदर लावले. कुणी म्हणालं, एखादीचा हातच असा असतो, विरजण लागत नाही त्याला. कुणी म्हणालं, दृष्ट असेल. तांबे रिकामे परत गेले. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं, तेव्हा राहीबाईनं गाडग्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि विरजण स्वतःच्या हातानं लावलं. तरी दही लागलं नाही. त्यावर मात्र ती काही बोलली नाही. सासूचा हात कधी वाईट नसतो.

अंजना त्या दिवशी गोठ्यात शेण काढता काढता नवऱ्याला म्हणाली, "आवं, त्या पावडरीनं तर न्हवं? घरच्या दुधाला इरजण लागतंय. परत आलेल्या दुधालाच लागत न्हाई."

"मंग? न्हाईच लागणार. नासू नये म्हणून तर घातलीया."

"ज्या दुधाचं दही हुत न्हाई, त्ये पोटात जाऊन काय हुत आसंल?"

"तू आता मला शिकीव," जोतीराम म्हणाला. दिवसभराची कावड खांद्यात ठणकत होती. "चार वर्सं इस्पितळात मी झाडू मारला, तू कवा डागदरीण झालीस?"

तिनं शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि ती उकिरड्याकडं गेली. खरं म्हणजे तिलाही नक्की काही माहीत नव्हतं. मनात आलं ते बोलली, आणि बोलून काय मिळतं ते तिला कळलं.

शेजारी तात्याबा आणि साळूबाईचं घर. मध्ये एक कुडाची भिंत. माघात त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली, बाळंत झाली आणि आठव्या दिवशी वारली. मागं पोरगा राहिला, गुंडा. जावई येऊन बघून गेला, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच" म्हणाला. म्हातारीच्या अंगावर दूध कुठलं असणार? घरात शेळीसुद्धा नव्हती. गुंडा पहिल्या रात्री रडला, तेव्हा राहीबाई कुडाला हात टेकत तिथं गेली होती आणि पोराला उचलून म्हणाली होती, "साळू, माझ्या म्हशी हायत तवर ह्येला काय कमी पडू द्यायची न्हाई."

तान्ह्याच्या दुधाचा पैसा घ्यायचा नसतो. सकाळी धार काढली की पहिला तांब्या साळूबाईचा, मग घागरी. म्हसही ठरलेली, एकाच म्हशीचं दूध, म्हणजे पोराला बाधत नाही. साळूबाई ते तापवून ठेवायची आणि दिवसभर चोचीच्या बोंडल्यानं पाजायची. पोरगं बाळसं धरत होतं. मुठी आवळून असं रडायचं की तात्याबाला त्यात लेकीचा आवाज ऐकू यायचा. सहा पिढ्यांत कुणी ओवी म्हटली नसेल अशा भसाड्या गळ्यानं तो पोराला गाणी म्हणायचा.

पण ऊन तान्ह्याचं म्हणून सोडत नाही. दुपारपर्यंत साळूबाईचंही दूध नासायला लागलं. मग ती रिकामा तांब्या पदराखाली घेऊन यायची आणि दारातच घुटमळायची. मागायची लाज वाटायची. त्या वेळी दूध साताऱ्याच्या वाटेला लागलेलं असायचं, आणि गुंडा पलीकडं रडत असायचा.

राहीबाईला ते बघवेना. एक दिवस तिनं सकाळीच तांब्यात चिमूटभर पावडर टाकली.

"ह्ये काय गं?" साळूबाईनं विचारलं.

"औषध हाय. जोत्यानं मिलिटरीतनं आणलंया. आता तुझं दूध सांजपातूर नासायचं न्हाई." आणि मग तिनं मनातलंही सांगून टाकलं, "सातारच्या लोकांच्या दुधाला औषध, आणि आपल्या लेकराच्या दुधाला नगं? त्ये काय आपलं जावई लागत्यात?"

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दूध त्या दिवशी सांजेपर्यंत टिकलं. ती दारात आली नाही, म्हणून राहीबाईलाही बरं वाटलं. कुणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. घरात डाळ निवडताना बाई सांगते का, की मी डाळ निवडली?

वैशाख लागला. एक दिवस गुंडानं दूध टाकलं. मग पातळ जुलाब सुरू झाले. उन्हाळा आहे, दात यायचे असतील, कुणाची नजर लागली असेल. म्हातारी माणसं असतात तिथं कारणांना तोटा नसतो. साळूबाईनं मुरडशेंग उगाळून चाटवली. थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"राहीबाई, त्ये औषध जरा जास्त घाल की," ती म्हणाली. "पोराच्या पोटात ऊन गेलंया."

"मीबी त्येच म्हणत हुते," राहीबाई म्हणाली, आणि तिनं दोन चिमटी घातल्या.

मग पोराच्या अंगावर लाली आली. आधी मांड्यांवर, मग पाठीवर, मग सगळ्या अंगभर, गरम पाण्यानं भाजल्यासारखी. साळूबाईनं हात जोडले. "बाया आल्यात," ती म्हणाली. गोवर असो, देवी असोत, वाडीत सगळ्याला बाया म्हणत. बाया आल्या की दारात लिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, परक्या माणसाचं पाऊल नाही आणि डागदराचं नाव नाही, देवी रुसते. गडीमाणसांनी तर उंबरा ओलांडायचा नाही. राहीबाई रोज दूध दाराबाहेर ठेवायची. औषधाचं दूध. आजारी पोराला ती साधं दूध कसं देईल?

म्हणून जोतीरामला काही दिसलं नाही. तो पहाटे उतरत होता, सांजेला चढत होता. पलीकडून पोराचं रडणं आता बारीक झालं होतं, मांजराच्या पिलासारखं. तो आईला विचारायचा, "गुंडा कसा हाय?" ती म्हणायची, "बाया हायत. उतरतील."

एक दिवस राहीबाईचं कंबरडं धरलं म्हणून दूध द्यायला अंजना गेली. साळूबाईच्या अंगात तांब्या उचलायचं बळ उरलं नव्हतं, तिनं अंजनालाच आत बोलावलं. अंजनानं पोराला बघितलं. बाळसं कुठं गेलं होतं कोण जाणे. डोळे खोल, ओठ कोरडे, आणि हाताच्या तळव्यांची, मानेच्या वळ्यांची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सुटत होती. पोरगं मधूनच दचकायचं, हातपाय ताठ करायचं.

ती घरी आली तेव्हा जोतीराम कावडीला दोर बांधत होता. मोटार त्या दिवशी बंद होती, म्हणून तो घरी होता. अंजनानं जे बघितलं ते सांगितलं.

"कातडी सुटती?" त्यानं विचारलं. "फोड न्हाईत?"

"फोड न्हाईत. नुसतं लाल, आन् सुटतंया."

दोर त्याच्या हातातून सुटला. इस्पितळात एक पंजाबी शिपाई होता, मांडीला मोठी जखम. तिच्यात रोज मूठमूठ बोरीक भरायचे. तोही असाच लाल झाला होता, ओकायचा, झटके यायचे, आणि कातडी सोलायला लागली होती. मोठ्या डॉक्टरनं येऊन आरडाओरडा केला होता आणि सगळी पावडर धुवून काढायला लावली होती. जोतीरामनंच ते पाणी वाहिलं होतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं, आणि दुधात चमचा टाकताना काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. साहेबलोक प्यायचे, मरत नव्हते, एवढंच आठवलं होतं.

तो घरात गेला. राहीबाई कंबरेला ऊन वीट लावून पडली होती.

"आये, गुंडाच्या दुधात तू त्ये घालतीस काय?"

"घालती की," ती म्हणाली. "पैल्यापास्नं. आता तर जरा जादाच घालती. का रं, संपत आलं का?"

तो तसाच कुडापलीकडं गेला आणि लिंबाचा डहाळा बाजूला सारून उंबरा ओलांडला. साळूबाई ओरडली, "आरं, बाया हायत, बाया!" त्यानं पोराला कांबळ्यात घेतलं. तात्याबा काठी घेऊन उठला, पण जोतीरामचा चेहरा बघून काठी तशीच धरून त्याच्या मागं निघाला.

मेढ्यापर्यंतची ती उतरण जोतीराम रोज दोन घागरी घेऊन उतरायचा. त्या दिवशी हातात पोराचं वजन नव्हतंच. वर सूर्य आणि खाली तापलेला मुरूम. पोराच्या तोंडावर सावली धरायला त्यानं पागोट्याचा पदर सोडला होता. मधे दोनदा गुंडा ताठ झाला, दोन्ही वेळा जोतीराम वाटेत बसला आणि त्याची पाठ चोळत राहिला. तात्याबा मागं राहिला होता. त्याचं खोकणं तेवढं ऐकू यायचं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर जेवायला बसणार होते, ते ताटावरून उठून आले. त्यांनी पोराला पालथं केलं, उताणं केलं, तळव्याची सुटलेली कातडी बोटानं चाचपली.

"काय दिलंत याला?"

जोतीरामनं सांगितलं. इस्पितळ सांगितलं, डबा सांगितला, भाऊसोंचं दुकान सांगितलं, आईची चिमूट सांगितली. डॉक्टर ऐकत होते आणि हात चालूच होते. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं सोडलं, ते पोराच्या ओठांतून बाहेर आलं.

"डोळे धुवायचं औषध आहे ते, पोटात घ्यायचं नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. तेवढं त्राण त्यांच्यातही दिसत नव्हतं. "दूध नासतं कशानं? त्यात जीव असतात म्हणून. ते जीव ज्यानं मरतात, ते पोराच्या पोटात जाऊन काय करेल? मोठ्या माणसाला एखाद्या वेळी पचेल. हे एवढंसं पोर. रोज. दिवसभर."

"साहेब, आता कायतरी करा."

"करतोय. पण उतारा नाही रे याला." डॉक्टरांनी पोराच्या छातीला नळी लावली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आणि साताऱ्यातही पोरं आहेत, जोतीराम."

जोतीरामला ते ऐकू आलं, पण त्याचं काय करायचं ते त्या वेळी त्याला सुचलं नाही.

तात्याबा पोचला तेव्हा गुंडा गेला होता. दवाखान्याच्या ओसरीवर म्हाताऱ्यानं कांबळं उघडून बघितलं, पुन्हा झाकलं. "बाया कोपल्या," तो म्हणाला. "उंबरा वलांडायचा नव्हता." जोतीरामकडं बघून त्यानं ते रागानं म्हटलं नाही. "तुझा काय दोष? तू माज्यासाठी पळालास." जोतीरामनं सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. चढावर तो पोराला घेऊन पुढं चालला, म्हातारा मागं.

गुंडाला ओढ्याच्या अंगाला पुरलं. लहान लेकराला अग्नी नाही, मंत्र नाही. चार माणसं आणि एक कुदळ. परत आल्यावर जोतीरामनं बोरीकचा डबा उचलला, आवाराबाहेर खोल खड्डा घेतला आणि त्यात उपडा केला. राहीबाई दारात उभी राहून बघत होती.

"औषध का फेकतूयास?" तिनं विचारलं.

वाटेत लेकाकडून सगळं कळलेल्या नाथाजीनं त्याच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. अंजनानं भांडं घासायला घेतलं. घरात तिघं जण एकदम गप्प झाली की चौथ्याला कळायचं ते कळतंच.

"जोत्या," ती म्हणाली, "मी पोराला काय पाजत हुते?"

जोतीराम खड्ड्यात माती ओढत राहिला. मग न वळता म्हणाला, "पोटात घ्यायचं नव्हतं त्ये, डागदर म्हणाला. चूक माजी हाय. मी औषध म्हणालो म्हणून तू घातलंस."

"पर घातलं कुणी?"

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. दिवस मावळतीला आला होता. अंजना तिच्याजवळ आली, पाण्याचा तांब्या पुढं केला, पण राहीबाईनं तांब्याला हात लावला नाही. ती आपलं बोट आणि अंगठा एकमेकांवर घासत होती, पावडर झटकावी तशी.

मग ती उठली, कंबर धरूनच. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यानं भाकरी-पिठलं न्यायचं, आणि पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. कडू घास म्हणतात त्याला. तो शेजार त्यांचाच होता. अंजना म्हणाली, "आत्याबाई, मी करती, मीच नेती." राहीबाईनं तिला बाजूला सारलं. भाकरी थापताना तिचे हात नेहमीसारखेच चालत होते. हातांना काय कळतं!

कुडापलीकडं बायका येऊन गेल्या होत्या. तात्याबा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. साळूबाई मागल्या परड्यात गुंडाची फडकी वाळत घालत होती, धुऊन स्वच्छ, जशी काही उद्या लागणार होती. राहीबाईनं ताट खाली ठेवलं आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"साळू, बाया नव्हत्या."

साळूबाई बघत राहिली.

"मी दुधात घालायची त्येनं पोरगं गेलं. डागदर म्हणाला. औषध नव्हतं त्ये पोटाचं. मी माज्या हातानं घातलं, रोज."

साळूबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं ते पिळलं, जरी त्यात पाणी उरलं नव्हतं. पलीकडं म्हस हंबरली, धारेची वेळ झाली होती.

"त्यो तोंड फिरवायचा," ती शेवटी म्हणाली. "शेवटी शेवटी बोंडलं दिसलं की तोंड फिरवायचा. मी नाक दाबून पाजायची. औषधाचं दूध हाय, वाया जाऊ नये म्हणून." तिचा आवाज कुठं चिरला नाही. "मीच म्हणलं हुतं न्हवं तुला, जरा जास्त घाल म्हणून?"

"साळू, तू मला मार. कायतरी बोल."

"काय बोलू? बोलून त्यो उठतूया?" साळूबाईनं फडकं दोरीवर टाकलं, त्याच्या कडा सारख्या केल्या. "तू आता माज्या दारात येऊ नगंस आसं म्हणावं वाटतंया. पर आज ऱ्हाऊ दे. म्हातारा सकाळपास्नं उपाशी हाय. त्येला घास दे."

राहीबाईनं ताट उचललं. साळूबाईनं तिचा दंड धरला. पकड घट्ट होती, नखं रुतली.

"त्येला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाई. त्येचा जीव तेवढ्यावरच टिकून हाय, की लेकीच्या पोराला खायला कमी पडलं न्हाई. येवढं तरी ठेव त्येला."

दोघी सोप्यात आल्या. तात्याबानं मान वर केली. राहीबाई त्याच्यापुढं बसली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडापाशी नेला. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. तात्याबानं तोंड उघडलं. दात नव्हते, तो घास घोळवत राहिला आणि मोठ्या कष्टानं गिळला.

"वैनी," तो म्हणाला, "आमचं नशीब खोटं, त्येला कोण काय करणार? पर तुमी दूध कमी पडू दिलं न्हाई. ह्ये उपकार मी मरस्तोवर इसरायचा न्हाई."

साळूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. राहीबाईनं दुसरा घास मोडला.